कोठीतलं जुनं चेनसॉ भंगारात द्यावं का?

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकरी भावानं विचारलंय: वडिलांचं हस्कवार्ना ६१ हे चेनसॉ नऊ वर्षांपासून कोठीत पडून आहे. दोरी ओढली तर फिरते, पण मशीन पेट घेत नाही. भंगारवाला पाचशे द्यायला तयार आहे. भाचा म्हणतो, मामा, ऑनलाइन सहा-सात हजारांत ५८ सीसीचं नवंकोरं येतं, हे काढून टाक. काम फार नाही: बांधावरच्या दहा-बारा बाभळी, वादळात पडलेला एक निंब आणि वर्षाचं सरपण. आणि पुढचा प्रश्न असा, की तेच स्वस्त मशीन एकाकडे पाच वर्षं चालतं आणि दुसऱ्याकडे पाच दिवसांत बसतं, हे कसं?

भाऊ, आधी उत्तर: वडिलांचं मशीन देऊ नका. आधी खाली सांगतो त्या दोन तपासण्या करा, पैसा लागत नाही. त्या पास झाल्या तर भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. भाच्याचंही पूर्ण चुकलेलं नाही, त्याच्या मशीनकडे नंतर येतो.

मी पंप, फवारणी यंत्रं आणि चेनसॉ दुरुस्त करतो, पंचविसेक वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या टेबलावर आलेल्या 'मेलेल्या' मशीनपैकी खरोखर मेलेली थोडीच निघाली. बाकीची उपाशी होती, नाहीतर बोथट. माणूस मशीनला शिव्या देतो आणि दोष असतो नळीत, पडद्यात किंवा चेनच्या दातात.

पहिली तपासणी. स्विच बंद करा, चेन आणि ती जिच्यावर फिरते ती लांब पट्टी काढून ठेवा आणि मशीन नुसत्या दोरीच्या मुठीनं उचलून अधांतरी धरा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, शाबूत असेल तर मशीन लगेच खाली येत नाही. लटकून राहतं, मग ठुक करून थोडं खाली, पुन्हा थांबतं, पुन्हा ठुक. गिरणीच्या पट्ट्यासारखं सरसर खाली आलं तर रिंग किंवा सिलिंडर गेलंय असं धरा. मीटर लावायचा झाला तर १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा निरोगी आणि १०० च्या खाली रडारड. पण मीटर नसला तरी मूठ खोटं बोलत नाही.

दुसरी तपासणी सायलेन्सरची. त्याचे बोल्ट खोला, सायलेन्सर बाजूला करा आणि मोबाइलची बॅटरी लावून धुराच्या भोकातून आत बघा. दोरी हळूहळू ओढली की पिस्टन वर-खाली जाताना दिसतो. त्याच्या अंगावर आडव्या बारीक यंत्राच्या रेघा दिसल्या तर आनंद माना, त्या कारखान्यातल्या आहेत. उभे ओरखडे दिसले, बोटाला लागण्याइतके, तर मशीन कधीतरी कोरडं पळालंय. टूटी ऑईल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं वंगण, न घालता कुणीतरी सरळ पेट्रोल ओतलेलं असतं. घरात विचारलं तर कुणीच कबूल होत नाही, हेही सांगून ठेवतो.

सायलेन्सर निघालाच आहे तर त्याच्या तोंडावरची बारीक जाळी बघा. खनिज टूटी ऑईल हात सैल सोडून घातलेल्या मशीनची ही जाळी काजळीनं इतकी भरते की धूर बाहेर पडायला वाट उरत नाही. मशीन सुरू होतं, पण लाकडात घातलं की गुदमरतं. एकदा चोपड्याकडून एक जण असंच मशीन घेऊन आला. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एकानं नवं पिस्टन सांगितलं होतं. मी जाळी काढली, स्टोव्हवर लाल केली, ब्रशनं झाडली. झालं. जाळी फेकून मात्र देऊ नका. चैत्र-वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याला वाळलेल्या पाचोळ्यावर एक ठिणगी पुरते.

आता तुमच्या ६१ बद्दल. हस्कवार्नानं चेनसॉ बनवायला १९५९ मध्ये सुरुवात केली. ६१, २६८ आणि २७२ ही तिन्ही एकाच सांगाड्यावरची भावंडं. तिन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३४ मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या रुंदीचा: ६१ चा ४८, २६८ चा ५०, २७२ चा ५२. सीसी काढायचं गणित शाळेतलंच आहे. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५ गुणिले स्ट्रोक, आणि हजारानं भागा. ४८ घालून बघा, ६१.५ येतात. ५२ घालून ७२.२ येतात. म्हणून अनुभवी मिस्त्री ६१ च्या बुडावर २७२ चं सिलिंडर चढवतात. तुम्हाला त्याची गरज नाही, पण बूड किती दणकट आहे ते यावरून कळावं. मॅग्नेशियमचं क्रँककेस, दोन्ही बाजूंना भक्कम बेअरिंग, आणि कार्बोरेटरचे स्क्रू उघडे, कुठलीही टोपी न लावलेले. हे शेवटचं आजच्या काळात सोन्यासारखं आहे. कारण पेट्रोल बदललंय.

आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. जुन्या पेट्रोलवर बरोबर लावलेलं मशीन या पेट्रोलवर कोरडं चालतं, म्हणजे तापतं. टू-स्ट्रोकला थंडावा आणि वंगण दोन्ही इंधनातूनच मिळतं, हे लक्षात घेतलं की पुढचं समजतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो. जुन्या मशीनची रबरी नळी या पेट्रोलनं फुगते, मग चिरते. नऊ वर्षं पडलेल्या तुमच्या मशीनची नळी मी न बघताच सांगतो, गेलेली आहे. बदलताना इथेनॉल चालेल अशी नळी मागा. कुठलीही पारदर्शक नळी कापून लावू नका, वर्षभरात काचेसारखी होते.

नंतर कार्बोरेटर. आत दोन पातळ पडदे असतात, एक पेट्रोल ओढणारा, दुसरा मोजून देणारा. नवा पडदा बोटात धरला की नरम लागतो. नऊ वर्षांचा पडदा बिबड्याच्या पापडासारखा कडक झालेला असतो, हलवला की कडकड आवाज करतो. कडक पडदा इंजिनाच्या श्वासाबरोबर हलतच नाही, मग पेट्रोल कुठून येणार? पडदे, गॅस्केट आणि सुई यांचा संच मिळतो. नळी, टाकीतला फिल्टर, हा संच आणि नवा प्लग एवढं केलं, की कॉम्प्रेशन शाबूत असलेली दहापैकी आठ मशीन त्याच दिवशी बोलतात. ठिणगी येत नसेल तर कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून कॉइल आवळायची, साधारण ०.३ मिलिमीटर होतं. निवडणुकीच्या काळात कार्डांचा तुटवडा नसतो.

सुरू झाल्यावर लगेच लाकडात घालू नका, आधी आवाज लावायचा असतो. कार्बोरेटरवर एच (जास्त रेसचा) आणि एल (कमी रेसचा) असे दोन स्क्रू असतात. दोन्ही हलक्या हातानं पूर्ण आत, आवळायचे नाहीत, मग एकेक फेरा बाहेर. मशीन तापू द्या. आता रिकामं, लाकडाबाहेर, पूर्ण रेस द्या आणि कान द्या. आवाज थोडा फाटलेला हवा, 'भर्रर्र' असा, जणू घशात खाकरा अडकलाय. तीच पट्टी लाकडात टेकवली की खाकरा निघून 'सण्ण' असा स्वच्छ सूर लागला पाहिजे. रिकाम्यातच मशीन शिट्टीसारखं ताणून ओरडत असेल तर मालकाला फार आवडतं, "कसं पळतं बघा!" म्हणतो. ते पळणं नाही, ते मरणाआधीचं ओरडणं आहे. एच स्क्रू पाव फेरा बाहेर घ्या, फाटका आवाज परत आणा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा तर हे हवंच. काम संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा मिनिट हळू चालू द्या, तापलेल्या कार्बोरेटरात पेट्रोल उकळून पुन्हा सुरू व्हायचा त्रास कमी होतो.

टूटी ऑईलचं माप: चांगल्या कंपनीचं कमी धुराचं ऑईल असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. साधं ऑईल असेल तर ४० मिली, म्हणजे २५ ला १. नऊ वर्षांनी उठवलेल्या मशीनला पहिल्या दोन टाक्या मी लिटरला ३० देतो. हा माझा हिशेब, पुस्तकातला नाही. बाटलीच्या झाकणानं 'अंदाजे' ओतायचं नाही. दवाखान्यातली सिरिंज दहा रुपयांत मिळते.

आता भाच्याचं मशीन.

बाजारात ४५, ५२, ५८ सीसी अशा नावांनी जी मशीन मिळतात, लाल, हिरवी, पिवळी, वर कुठल्या ना कुठल्या जनावराचं नाहीतर देशाचं नाव, ती बहुतेक एकाच साच्यातली आहेत. मूळ आराखडा जपानच्या झेनोआचा. ती कंपनी पूर्वी कोमात्सूची होती, २००७ मध्ये हस्कवार्नाकडे गेली. चीनमधल्या कारखान्यांनी तो आराखडा उचलला आणि इतका छापला की आज धुळ्या-जळगावच्या शेती अवजारांच्या कुठल्याही दुकानात त्याचं पिस्टन, क्लच, कॉइल, कार्बोरेटर, सगळं हाताशी मिळतं. स्वस्त मशीन अपेक्षेपेक्षा चांगलं का निघतं, त्याचं निम्मं कारण हे. आराखडा वाईट नाहीच. क्रँककेस धातूचं आहे, सिलिंडर वेगळं निघतं, दुरुस्ती सोपी. कितीतरी नामवंत लहान मशीनमध्ये इंजिन प्लास्टिकच्या कवचात बसवलेलं असतं, तिथं हात घालायलाही जागा नसते.

वाईट आहे ती एकसारखेपणाची बोंब. एकाच खोक्यातली दोन मशीन सारखी निघतील याचा भरवसा नाही. एकाचे बोल्ट आवळलेले, दुसऱ्याचे नुसते घातलेले. म्हणून तुमच्या शेजाऱ्याचं पाच वर्षं चाललं आणि मेहुण्याचं पाच दिवसांत बसलं. दोघंही खरं बोलतायत.

आणि ५८ सीसीचं म्हणाल, तर मी असं एक उघडून व्हर्नियरनं मोजलंय. बोअर ४५.२, स्ट्रोक ३४. वरचं गणित करा: ५४.५ येतात. स्टिकरवर साडेतीन सीसी फुकट चिकटवलेले. त्यानं लाकूड अडत नाही, पण विकणाऱ्याचा स्वभाव कळतो.

मी स्वतः असं एक मशीन सात वर्षांपूर्वी घेतलं, खरं सांगायचं तर नावं ठेवण्यासाठीच. पहिल्या दिवशी वाळलेल्या बाभळीचा चौदा इंची ओंडका लावला. मशीन भन्नाट ओरडलं, पट्टीखालून धूर आला आणि खाली पिठासारखा भुसा पडला. मिनिटभर झालं तरी ओंडका तुटला नव्हता. बघणारे हसले, मीही हसलो. मग खोक्यातली चेन काढून भिंगाखाली धरली. दातांना धार नव्हतीच, टोकाला बारीक गोलाई होती, आणि दातापुढचा उंचवटा जवळपास दाताइतकाच उंच. म्हणजे दात लाकडाला फक्त चाटत होता. त्याच मशीनवर त्याच मापाची चांगल्या कंपनीची चेन चढवली, कानशीचे दोन-दोन हात मारले आणि तोच ओंडका परत लावला. अर्ध्या मिनिटाच्या आत पडला, आणि खाली भुसा नाही, चपट्या फोडी. हसणं थांबलं. इंजिन तेच, पेट्रोल तेच, माणूस तोच.

तर स्वस्त मशीन घेणाऱ्यानं चेनचे पैसे वेगळे धरावेत. २० इंची पट्टीला बहुतेक वेळा ०.३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप), १.५ मिलिमीटर जाडीची, ७६ कड्यांची चेन लागते. पण अंदाजानं आणू नका. पट्टीवर कोरलेलं वाचा आणि जुनी चेन दुकानात घेऊन जा. माझं तर म्हणणं आहे की २० इंची पट्टी काढून १८ ची, ७२ कड्यांची घाला. मशीन हलकं वाटतं, चेनला ओढायला जोर उरतो, आणि बांधावरच्या बाभळीला २० इंच लागतात कुठे?

खोक्यातून काढल्यावर पेट्रोल घालण्याआधी एक तास द्या. सगळे बोल्ट आवळा, विशेषतः सायलेन्सरचे आणि कार्बोरेटरमागचे. चेनला ऑईल सुटतं का, ते पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस देऊन बघा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. माझ्या मशीनची उमटली नव्हती, तेलाच्या भोकात प्लास्टिकचा कचरा होता. स्टार्टरचं प्लास्टिक पहिल्या वर्षातच गेलं, पेट्रोलची नळी दुसऱ्या वर्षात. त्यानंतर मात्र ते मशीन माझ्या दुकानातलं खेचर झालंय. कुणाला उसनं द्यायचं तर मी तेच देतो, तुटलं तरी जीव हळहळत नाही.

धारेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या आणि स्वस्त दोन्ही मशीनचं नशीब इथंच ठरतं. आज आपण वापरतो त्या चेनचा दात एका किड्यावरून आला. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्यानं ओंडक्यात लाकूड खात जाणारी अळी बघितली. ती सरळ पुढे न कुरतडता डावीकडे-उजवीकडे तोंड फिरवत खात होती. त्यानं तसेच एक डावा, एक उजवा दात असलेली चेन बनवली. तेव्हापासून मूळ रचना तीच. म्हणून धार लावतानाही डाव्या-उजव्याचा तोल राखावा लागतो. मशीन लाकडात वाकडं जातंय, कापलेला भाग केळीच्या पानासारखा वळतोय, तर एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झालेत. आपण उजव्या हातानं एक बाजू जोरात घासतो आणि दुसरी उरकतो, त्याचा हा परिणाम.

०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस. लहान मशीनवरच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची. तुमच्या ६१ ला मोठ्या ३/८ ची चेन असेल तर ५.५ किंवा ५.२ ची. पट्टी शिकंज्यात धरा. सगळ्यात झिजलेला दात शोधा आणि त्यावर खडूनं खूण करा, बाकी सगळे त्याच्या लांबीला आणायचे. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. परत येताना उचलायची, घासत मागे आणायची नाही. कोन ३० अंश, वाळलेल्या बाभळीला मी २५ ठेवतो, धार जास्त टिकते. पाच-सहा धारांनंतर दातापुढचा उंचवटा सपाट कानशीनं उतरवावा लागतो, दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. त्यासाठी मापाची छोटी पट्टी मिळते, ती घ्या. डोळ्यानं उतरवायला गेलात आणि जास्त उतरला, तर चेन लाकडात दात रोवून हाताला हिसके देते.

धार लागली की नाही हे कसं कळतं? दाताच्या टोकावर उजेड पाडा. बोथट दात चमकतो, तिथं पांढरी बारीक रेघ दिसते. धारदार दाताला रेघच नसते, उजेड सरकून जातो. एवढं एक बघायला शिकलात तर मिस्त्रीकडे यायची गरज निम्मी होईल. माझं नुकसान आहे, पण सांगून टाकलं.

आमच्या भागात चेनला जळकं ऑईल घालायची सवय घट्ट आहे. ट्रॅक्टरमधून निघालेलं काळं तेल. त्यात लोखंडाचा चुरा असतो, तोच पट्टीची खाच आणि तेलाचा पंप खातो. साधं नवं २०-४० इंजिन ऑईल घाला, आपल्या उन्हाळ्यात ते पुरेसं चिकटतं. आणि दर धारेला पट्टी उलटी करून बसवा.

जुन्या, तिसऱ्या प्रकारच्या मशीनबद्दल लोक नेहमी विचारतात. लाकडाच्या वखारीत कधीकधी स्टिल ०७० दिसतं. गावात त्याला 'स्टीलचं मशीन' म्हणतात, जणू बाकीची लाकडाची असतात. स्टिल हे आडनाव, आंद्रेयास स्टिल या जर्मन माणसानं १९२६ मध्ये विजेवर चालणारं पहिलं चेनसॉ केलं. ०७० म्हणजे तब्बल १०६ सीसी, नुसतं इंजिन दहा किलोच्या वर. हळू फिरतं पण बैलासारखं ओढतं. अंजनाचं लाकूड, जे पाण्यात टाकलं तर बुडतं, त्याच्या जाड बुंध्यात ०७० घातलं की थांबत नाही. ते बघून पोरं वेडी होतात आणि जुनं शोधत फिरतात. मी घेऊ नका म्हणतो. त्याला चेन-ब्रेक नाही, हादरे शोषणारं रबर नाही. दिवसभर चालवणाऱ्याची बोटं संध्याकाळी पांढरी पडतात, काही वर्षांनी भाकरीचा तुकडा धरता येत नाही. जुनं मशीन चांगलं असतं म्हणजे प्रत्येक जुनं चांगलं नव्हे.

उलट सरपणासाठी कुणी वापरलेलं स्टिल एमएस १८० मिळालं तर घ्यावं. ३१.८ सीसी, इंजिन चार किलोच्या आत. बघून वाटतं खेळणं. पण १४ इंची पट्टी आणि खरी धार असली, तर दहा इंची बाभूळ तक्रार न करता कापतं, आणि संध्याकाळी कंबरही जागेवर असते. वीतभर फांद्यांसाठी ५८ सीसी उचलणं म्हणजे भरताच्या चार वांग्यांसाठी होळी पेटवणं.

आता तुमच्या ६१ ला चेन-ब्रेक आहे का ते आज बघा. मुठीपुढचा तो पंजा बहुतेक जुन्या मशीनवर तुटलेला किंवा 'मध्ये येतो' म्हणून काढलेला असतो. तो बसवल्याशिवाय मशीन चालवू नका, सुटा भाग मिळतो. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला तर मशीन उलटं तोंडावर येतं. ते इतकं झटकन होतं की "मी आवरीन" असं म्हणायलाही वेळ मिळत नाही. ऑनलाइन मशीनवर ब्रेक असतो पण तो चालतो का, हे घरीच तपासा: अर्ध्या रेसवर पंजा मनगटानं पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि चप्पल घालून, तोंडाला उपरणं बांधून कापणाऱ्यांनो, डोळ्यांचा चष्मा शंभर रुपयांचा आहे.

वादळात पडलेला निंब मात्र पहिल्याच दिवशी स्वतः कापू नका. उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड जास्त फसवतं. फांद्या जमिनीत रुतून धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. चुकीच्या बाजूनं कापली की फांदी सुटते आणि माणसाला घेऊन जाते. दाबलेल्या बाजूनं थोडं, मग ताणलेल्या बाजूनं, आणि उभं राहायचं ते फांदी सुटेल त्याच्या विरुद्ध बाजूला. एखादा जाणता लाकूडतोड्या बरोबर घ्या, दिवसाची मजुरी द्या, बघून शिका. रस्त्याकडेच्या निंबात फलकांचे खिळे आणि बांधावरच्या बाभळीत जुनी काटेरी तार लाकडानं गिळलेली असते. बुंध्यावर काळसर डाग दिसला तर वीतभर वर कापा, एका तारेनं पाऊण तासाची धार जाते.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना एक आगाऊ विनंती. वादळात बाग आडवी झाली म्हणून चेनसॉनं खोडं कापायला जाऊ नका. केळीचा धागा स्प्रॉकेटभोवती गुंडाळून बसतो आणि चीक क्लचमध्ये जातो. दर जूनमध्ये अशी दोन-चार मशीन माझ्याकडे येतात, उघडली की आत दावणीला पुरेल एवढा दोर. तिथं कोयताच बरा.

बाभूळ आणि निंब यांची नावं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत नाहीत. साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, खैर, अंजन यांची आहेत, ती झाडं तुमच्या स्वतःच्या बांधावरची असली तरी आधी परवानगी काढावी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत नियम वेगळे आणि कडक.

आता पैशाचं. कॉम्प्रेशन शाबूत असेल तर तुमचं ६१ नव्या चेनसकट स्वस्त नव्या मशीनच्या निम्म्या किमतीच्या आत उभं राहावं, आणि ते त्या मशीनला दोन्ही हंगाम पुरून उरेल. पिस्टनवर ओरखडे असतील तरी घाई करू नका. सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम काढता येतं आणि नुसतं पिस्टन-रिंग बदलून भागतं. मूळ सिलिंडर टाकून स्वस्त नकली संच घालायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा, मूळ सिलिंडरचा आतला मुलामा त्या नकलीला येत नाही. क्रँककेसला तडा असेल तरच भंगारवाल्याला परत बोलवा, तेव्हाही कार्बोरेटर, कॉइल आणि क्लच काढून घेऊन. भाच्याला ५८ चं घ्यायचंच असेल तर घेऊ दे, घरात एक खेचर असलेलं बरं. पण चेन तुम्ही निवडा.

मशीन दाखवायला कुठेही न्याल तेव्हा टाकी रिकामी करून, गोणीत घालून न्या, एसटीत पेट्रोलचा वास आला तर कंडक्टर उतरवतो. आणि कोठीत मशीनजवळ खिळ्याला टांगलेली जुनी चेन असेल, तीही घ्या. वडिलांच्या पिढीची माणसं अर्धी झिजलेली चेन फेकत नसत. गंज रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून निघाला आणि दातावर चार-पाच मिलिमीटर लांबी उरलेली असली, तर आखाजीच्या आधी बांधावरच्या बाभळी त्याच चेननं निघतील.